सत्तावनचा पाढा

मार्च लागला की शेवगावच्या आमच्या घरासमोरच्या शाळेत परीक्षेचं केंद्र बसतं. सकाळी दहाच्या सुमाराला कडुनिंबाखाली मोटारसायकली लागतात, बाप लोक पाण्याच्या बाटल्या धरून उभे राहतात आणि पोरं डोळे मिटून पुटपुटत येरझाऱ्या घालतात. वरून पिवळी पानं गळत असतात, ती कोणाच्या केसात अडकतात, कोणाच्या वहीत पडतात. चौतीस वर्षं मी मास्तरकी केली, शेवटची काही मुख्याध्यापिका म्हणून, तरी ते पुटपुटणं कानावर आलं की अजून मला माझीच परीक्षा असल्यासारखं वाटतं. यंदाही वाटलं. पण यंदा त्यात परीक्षेपेक्षा मत्सर जास्त होता. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने कबूल करावं अशी ही गोष्ट नाही, पण लपवून तरी आता कोणापासून लपवायची?

झालं असं, की त्याच सकाळी मोबाईलवर ऋतुजाचा निरोप आला. ऋतुजा म्हणजे माझ्या चुलत बहिणीची, विमलअक्काची नात. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर काम करते. तिने लिहिलं होतं, ‘शालनआजी, एक जूनला आजीला सत्तरावं लागतंय. हॉलमध्ये मोठा फलक लावायचाय, आजी जन्मली ते साल म्हणून. १९५७ मध्ये जगात काय काय झालं त्याची यादी काढलीय. तुम्ही चुका तेवढ्या बघा. खाली तपासणारी म्हणून तुमचंच नाव टाकते.’ आणि खाली यादी. घाना स्वतंत्र झाला. युरोपातल्या सहा देशांनी करार केला. आपल्याकडे नवे पैसे आले. सुवेझचा कालवा पुन्हा खुला झाला. प्रशांत महासागरात इंग्रजांनी हायड्रोजन बॉम्ब उडवून पाहिला. मलाया स्वतंत्र झाला. रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह आभाळात सोडला, महिनाभराने त्याच्या मागोमाग एक कुत्री पाठवली. जगभर फ्लूची साथ आली.

मी लाल पेन घेऊन बसले खरी, पण मला ती यादी वाचायची गरज नव्हती. ती मला पंचावन्न वर्षं पाठ आहे. नुसती पाठ नाही, चालीवर पाठ आहे. सत्तावन एके घाना सुटला, सत्तावन दुणे सहा देशांची सोयरीक, सत्तावन त्रिक नवे पैसे. ओठ आपोआप हलायला लागले आणि समोरच्या पोरांत आणि माझ्यात काही फरक उरला नाही.

हा पाढा माझ्या वडिलांनी केलेला. त्यांना घरात आम्ही अप्पा म्हणायचो आणि गाव गुरुजी म्हणायचं. शेवगावपासून पाच-सहा कोसांवरच्या आमच्या गावात दोन मास्तरांची शाळा होती आणि त्यातले थोरले मास्तर अप्पा. आमच्या पिढीचा निम्मा नगर जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण तेव्हा पोर कधी जन्मलं ते लिहून कोण ठेवत होतं? मास्तर शाळेत नाव घालताना सरळ एक जून लिहायचे आणि सालही अंदाजाने ठोकून द्यायचे. अप्पा एक जूनच लिहायचे, पण सालाच्या बाबतीत मात्र कोणाचं ऐकायचे नाहीत. पोराला घेऊन आलेल्या बाईला ते ओट्यावर बसवून फौजदारासारखे प्रश्न विचारायचे. हा झाला तेव्हा गावात तापाची साथ होती का? मतांच्या पेट्या आल्या होत्या का? नदीचं पाणी कुठवर चढलं होतं? बाई म्हणायची, “आता काय सांगू गुरुजी, बाजरी लई झाल्ती त्या साली.” मग अप्पा बाजरी कोणत्या साली लई झाली होती ते शोधून काढायचे आणि मगच टाक उचलायचे.

एकदा पाटील आले. म्हणाले, “गुरुजी, पोराचं साल दोनानं वाढवून लिवा. फुडं फौजदार झाला तर दोन वर्सं जादा नोकरी व्हईल.” अप्पा म्हणाले, “पाटील, पोराला फौजदार तुम्ही करा, साल मला लिहू द्या.” त्या वर्षी पाटलांकडून आम्हाला हुरड्याचं बोलावणं आलं नाही. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही, आईला वाटलं, तिला हुरडा फार आवडायचा.

अशा घरात विमल आली. अप्पांचा धाकटा भाऊ कोपरगावकडे साखर कारखान्यात कामाला होता. त्याची बायको बाळंतपणात गेली आणि पोर चाळीतल्या एका शेजारणीने सांभाळली. पुढे काकाही तापाने गेला, तेव्हा अप्पा एसटीने जाऊन विमलला घेऊन आले. तो दिवस मला चांगला आठवतो. पत्र्याची एक ट्रंक, ट्रंकेवर बसलेली एक सावळी, हडकुळी पोर, आणि तिच्या हातात अप्पांनी वाटेत घेऊन दिलेली रेवडी. मी पुढे जाऊन हात पसरला तर तिने मूठ मिटली. भांडणाला तिथून सुरुवात झाली.

त्या जूनमध्ये आम्हा दोघींची नावं शाळेत एकदमच घातली. माझं साल अठ्ठावन, त्याचा प्रश्नच नव्हता, मी घरातच जन्मले होते. विमलचं साल काय? ते अप्पांनी ती आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं होतं, “सत्तावन. मी चाळीत चौकशी केली. हिची आई भरल्या दिवसांत अंगणात उभी होती, तेव्हा रशियाचा चालता तारा डोक्यावरून गेला. तिने तो बघितला आणि म्हणाली, पोरीने पोटात लाथ मारली. त्याच रात्री ही झाली.” आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने एकदा अप्पांकडे बघितलं आणि भाकरी तव्यात टाकली. विमल रेवडी चघळायची थांबली होती. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, “ती तुझ्यापेक्षा वर्षाने मोठी आहे. तिला अक्का म्हणायचं.”

कानामागून आली आणि तिखट झाली. अक्का म्हणायचं म्हणजे काय, हे ज्याला म्हणावं लागतं त्यालाच कळतं. दिवाळीत नवा परकर अक्काचा आणि तिचा गेल्या वर्षीचा माझा. पाडव्याला आधी तिला ओवाळायचं. सणावाराला मी तिच्या पाया पडायचं, तेही पाटावर ती बसलेली असताना आणि मी खाली वाकताना ती हळूच माझी वेणी ओढत असताना. उंचीने मी तिच्याहून बोटभर जास्तच होते. बायका म्हणायच्या, “धाकटीच थोरली दिसती बया.” अप्पा म्हणायचे, “हाडापेराची गोष्ट आहे, सालाची नाही.” मला वाटायचं, हे साल एकदा हातात सापडावं आणि त्याला दगडाने ठेचावं.

पाढ्यांचा मोसम मात्र सातवीतला. तेव्हा सातवीची परीक्षा बोर्डाची असायची, केंद्र शेवगावला, आणि गावातून पोर सातवी पास झालं की त्याला मास्तर व्हायची वाट मोकळी. आम्ही सात-आठ पोरं होतो. फेब्रुवारीपासून अप्पा आम्हाला पहाटे शाळेच्या ओट्यावर बोलवायचे. खळ्यावर ज्वारीची मळणी चाललेली, हवेत भुसा, त्याने नाक चुरचुरायचं. करडईच्या रानातून यावं लागे, परकराला काटे चिकटायचे, आणि कंदिलाच्या उजेडात ते काढत काढत आम्ही पाढे म्हणायचो. गणिताचे झाले की सालांचे. अप्पांकडे शिळं वर्तमानपत्र यायचं, एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून, एक दिवस उशिरा. त्यातली जगाची बातमी ते सालवार एका वहीत उतरवून ठेवायचे, आणि ज्याने त्याने आपल्या जन्मसालाचा पाढा पाठ करायचा हा त्यांचा नियम. म्हणायचे, आपण आलो तेव्हा घरात कोण काय करत होतं हे माणसाला ठाऊक असावं, आणि जग हे घरच.

सत्तावन साली जन्मलेली वर्गात एकटी विमल. कंदिलासमोर हात मागे बांधून ती सुरू करायची. सत्तावन चोक सुवेझचं पाणी खुलं, सत्तावन पंचे समुद्रात बॉम्ब, सत्तावन सक मलाया सुटला. मग जरा थांबायची आणि आवाज चढवून म्हणायची, सत्तावन साते चालता तारा! आठे कुत्री आभाळात, नव्वे तापाची साथ, आणि शेवटी अप्पा आणि ती दोघं मिळून, सत्तावन दाहे आमची विमल! त्या ‘आमची’वर अप्पांचा आवाज जो हलायचा, तो मला कंदिलाच्या उजेडातही दिसायचा. घाना कुठे आहे ते आम्हाला माहीत नव्हतं, सुवेझ म्हणजे गाव की नदी यावर आमची मारामारी झाली होती, पण ते सगळं विमलच्या नात्यातलं होतं. तिच्या बारशाला आलेले पाहुणेच जणू.

आणि माझं साल? अठ्ठावन एके तारा पडला. हो, तिच्या साली जो तारा वर गेला तो माझं साल उजाडल्या उजाडल्या जळून खाली आला. अठ्ठावन दुणे अमेरिकेचा उपग्रह, म्हणजे दुसरा मान. अठ्ठावन त्रिक बर्फाखालून पाणबुडी. अठ्ठावन चोक किलो आला. मग अप्पा वही चाळायचे, चाळायचे, आणि म्हणायचे, अठ्ठावन पंचे आमची शालन. सक आमचा दत्तू, कारण दत्तूही अठ्ठावनचाच. तिथे पाढा खलास. दत्तूला त्याचं काही नव्हतं, त्याला सुट्टी लवकर मिळायची. मला मात्र रडू फुटायचं. जगात काही घडलं नाही म्हणून मला पाचव्या घरात नेऊन बसवलं होतं.

एक दिवस मी सातवं घर स्वतःच घातलं. हात मागे बांधले आणि ठणकावून म्हणाले, “अठ्ठावन साते आपल्या गावावरून विमान गेलं.” अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. “कोणी पाहिलं?” मी म्हणाले, “आईने.” ते म्हणाले, “तिने मला सांगितलं नाही.” मी म्हणाले, “मग मारुतीच्या देवळातल्या म्हातारीने.” पोरं हसायला लागली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “शालन, खोटं साल खपत नाही. पुसून टाक.” वहीत काही लिहिलेलंच नव्हतं, तरी मी बोटाने हवेत पुसलं. तेवढ्यानेही त्यांचं समाधान झालं आणि ते पुढच्या पोराकडे वळले.

परीक्षेच्या आधी पंधरा दिवस शाळा तपासायला साहेब आले. त्यांचा हुद्दा बदलला होता, पण गावाच्या तोंडी ते अजून दिपोटीच होते. तोंडी गणित घ्यायला लागले. मला विचारलं, “एकोणीस साते?” मी म्हणाले, “एकशे तेहेतीस.” म्हणाले, “बस.” मग विमलकडे वळले. “सत्तावन साते?” विमल ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि आवाज चढवून म्हणाली, “चालता तारा, साहेब!”

काय सांगू मला किती आनंद झाला! अप्पा कानापर्यंत लाल झाले होते. मी हात वर करून ओरडले, “तीनशे नव्व्याण्णव, साहेब, तीनशे नव्व्याण्णव!” पण साहेबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी अप्पांना विचारलं, हे काय प्रकरण आहे? अप्पांनी चाचरत सांगितलं. साहेब टेबलावर टेकून बसले आणि विमलकडून सबंध पाढा म्हणवून घेतला, एकदा नाही, दोनदा. आभाळातल्या कुत्रीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. जाताना खिशातलं फाउंटन पेन काढून त्यांनी विमलला दिलं. चुकलेल्या उत्तराला पेन आणि बरोबर उत्तराला ‘बस’. त्या दिवशी मी जेवले नाही आणि कोणी का म्हणून विचारलं नाही, सगळे पेन बघत होते.

परीक्षेत मला तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त मार्क पडले. अप्पा मला म्हणाले, “बरं झालं,” आणि तिची समजूत काढायला गेले. पुढे मी नगरला जाऊन डी.एड. केलं, नोकरीला लागले. विमल अठराव्या वर्षी पारनेर तालुक्यात दिली. जिरायती जमीन, चार म्हशी, नंतर सुप्याला कारखाने आले तशी मुलाला नोकरी. ती सुखात आहे, तिने कधी माझं वाईट चिंतलं नाही, माझ्या दुखण्यात पंधरा दिवस येऊन राहिली. हे सगळं मला मान्य आहे. पण लग्नाकार्यात चार बायका जमल्या की ती हमखास सांगते, “माज्या आईनं चालता तारा बघितला आन् मी झाले.” आणि बायका तोंडाला पदर लावून ऐकतात. अठ्ठावन साली किलो आला, हे मी कोणाला सांगू?

एकदा तर मी हलकटपणाच केला. शाळेला आलेल्या एका मासिकात मी वाचलं होतं, की त्या वेळी जमिनीवरून लोकांना जे चमकताना दिसायचं ते बहुतेक वेळा तो उपग्रह नव्हताच. तो फारच लहान होता. दिसायचं ते त्याच्या मागून फिरणारं रॉकेटचं रिकामं टरफल. हे मी कित्येक वर्षं जपून ठेवलं आणि एका भाच्याच्या हळदीत, भर बायकांत, तिला ऐकवलं. विमल हळदीची वाटी उचलत म्हणाली, “मंग काय झालं? आईनं बघितलं ते टरफल तर टरफल.” आणि माझ्याच गालाला हळद फासली.

तर अशी ही यादी मी त्या सकाळी लाल पेनाने तपासत होते. माझी आई माझ्याजवळच असते. शहाऐंशी वर्षांची आहे, डोळ्याने कमी दिसतं, कान मात्र शाबूत. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती. मी पुटपुटत होते ते ऐकून तिने विचारलं, “सत्तावन कुनाचं गं?”

“विमलअक्काचं. सत्तरावं लागतंय ना तिला.”

“इमलीला? काय बी.” आईने लसणाची साल फुंकली. “इमली तुज्याहून धाकटी हाय.”

मला वाटलं, म्हातारीचं डोकं चालेना झालं. मी म्हणाले, “आई, ती मोठी. सत्तावनची. ताऱ्याच्या वेळची.”

“तारा न्हाई आन् बिरा न्हाई. तुज्या बारशाला तिची आई आल्ती की. पोटुशी हुती, पाचवा म्हैना. तुला पाळण्यात तिनंच घातलं. मी म्हनले, वाकू नगं बाई, तरी वाकली. त्याच्या फुडं चार म्हैन्यांनी इमली झाली आन् ती गेली. तारा कुठला तवा? तारा कवाच पडला हुता.”

मी लाल पेनाला टोपण घातलं. मी विचारलं, अप्पांना हे माहीत होतं? “त्यांना ठावं नसाया काय झालं? पाळण्याची दोरी त्यांनीच बांधली हुती.” मग का? आईने लसणाची आणखी एक पाकळी सोलली. नंतर म्हणाली, “पोर आली त्या राती निजंच ना. सारखी इचारायची, माजी आई कशी हुती? मला बघितलं का तिनं? काय सांगावं? ती बाळाकडं बघायच्या आधीच गेल्ती. मला बी तिचं काय ठावं न्हवतं, एकदा बारशाला आली तेवढीच. तुजे अप्पा लई येळ भाईर अंगनात फिरले. सकाळी आत आले आन् तारा सांगितला. मी कशाला मोडू?” आणि माझ्या तोंडाकडे अंदाजाने बघून तिने वर जोडलं, “तुला काय, तुला मी हुते की.”

तुला मी होते की. हे किती खरं आहे ते मला कळतं. डोक्याला कळतं.

पण पंधरा दिवस मी झोपेतून उठल्या उठल्या एकच हिशेब मांडत होते, की मी थोरली आहे. साठ वर्षांच्या वर मी माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान बाईच्या पाया पडले, तिचे जुने परकर नेसले, तिला थोरली म्हणून आधी कुंकू लावलं. फोन उचलायचा आणि म्हणायचं, विमल, मी तुझी अक्का. एवढंच. आणि गंमत अशी, की खरं सांगण्यात तिचा तोटा होता असंही नाही. तारा गेला असता, पण खरीखुरी आई आली असती, पाळण्यावर वाकलेली, हाताची ऊब असलेली. फक्त ती माझ्या पाळण्यावर वाकली होती. विमलला जिने कधी हातात घेतलं नाही, तिने मला घेतलं होतं. मग विमलच्या पोटात दुखलं असतं. आयुष्यात एकदा तरी तिच्या पोटात दुखावं, हा मोह लहान नव्हता. शिवाय मी मुख्याध्यापिका. माझ्या हयातीत मी कोणाचं साल बदललं नाही. आमदाराची चिठ्ठी घेऊन आलेल्यालाही मी परत पाठवलं, आणि दर वेळी मनात म्हटलं, अप्पांनी हेच केलं असतं. ज्या यादीखाली माझं नाव जाणार, त्या यादीचं सालच खोटं?

शेवटी काल संध्याकाळी मी फोन लावला. समोरच्या शाळेतला शेवटचा पेपर सुटला होता आणि पोरं प्रश्नपत्रिकांची विमानं करून उडवत होती. विमलने उचलला. मागे म्हशीचा आवाज येत होता.

“यादी बघितली का गं?” तिनेच विचारलं.

“बघितली,” मी म्हणाले. “त्याच्याबद्दलच बोलायचंय.”

“मला बी बोलायचं हाय. शाले, त्या पोरीनं सगळं टाकलं, आईचंच न्हाई टाकलं बघ. मी म्हनले टाक, तर म्हनती, आजी, मोबाईलवर तसं काय घावत न्हाई. आता मोबाईलवर कसं घावंल? ते अप्पांनीच शोधून आनलं हुतं.” मग तिचा आवाज खाली आला. “मला तिचं तोंड ठावं न्हाई, फोटू न्हाई. अजून बी धारा काढायच्या आदी अंगनात घटकाभर उभी ऱ्हाते मी, वर बघत. लोकांना वाटतं पावसाचं बघती. तू लिव ना तेवढं. तू लिवलंस तर खरं वाटंल लोकांना.”

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, पंधरा दिवस घोकलेलं. बाहेर आलं ते भलतंच.

“लिहिते, अक्का,” मी म्हणाले.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत यादी पुरी करून पाठवली. सातव्या ओळीखाली लिहिलं, ‘हा तारा विमलच्या आईने भरल्या दिवसांत अंगणातून पाहिला.’ खाली माझं नाव, हुद्दा, निवृत्त. ऋतुजाचा लगेच उलट निरोप आला, हात जोडलेले, आणि विचारलं होतं, ‘शालनआजी, हे नक्की ना?’ मी लिहिलं, नक्की.

हे वाचून कोणी म्हणेल, चला, बाईचा मत्सर एकदाचा गेला. गेला नाही. उलट इतकी वर्षं तो नेमका कशाचा होता, ते आता कळलं आहे. ताऱ्याचा नव्हता, कुत्रीचा नव्हता, परकराचा नव्हता, साहेबांच्या पेनाचाही नव्हता. अप्पा उभ्या जन्मात एकदाच खोटं बोलले, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.